एकाच्या तोंडून सगळ्यांचं म्हणणं

२६ जून २०२४ रोजी अठराव्या लोकसभेने आपला अध्यक्ष निवडला, आणि पंतप्रधान व विरोधी पक्षनेते मिळून त्यांना आसनापर्यंत घेऊन गेले. घरी टीव्हीसमोर बसलेल्या भाचीने तेव्हा विचारलं, "मामा, हे तर सभागृहात सगळ्यांत कमी बोलतात. मग इंग्रजीत यांना 'स्पीकर' का म्हणतात?" तिच्या प्रश्नात खोच नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला मात्र चटकन उत्तर देता आलं नाही.

असाच आणखी एक शब्द अधूनमधून बातम्यांत येतो आणि वाचणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो, तो म्हणजे महाभियोग. आपल्या राज्यघटनेत हा शब्द अनुच्छेद ६१ मध्ये फक्त राष्ट्रपतींसाठी आहे. न्यायाधीशांच्या बाबतीत घटना 'पदावरून दूर करणं' असं म्हणते, वर्तमानपत्रं मात्र त्यालाही महाभियोगच म्हणतात. राष्ट्रपतींवर एका सभागृहाने आरोप ठेवायचा आणि दुसऱ्याने त्याची चौकशी करायची, अशी त्याची रीत. ही वाटणी अशीच का?

दोन्ही उत्तरांच्या मागे गेलं की आपण एकाच वर्षात आणि एकाच माणसापाशी पोहोचतो. वर्ष १३७६, गाव लंडनजवळचं वेस्टमिन्स्टर आणि माणूस पीटर द ला मेअर, वेल्सच्या सीमेवरच्या हेरेफर्डशर जिल्ह्यातला एक जमीनदार.

हा माणूस होता तरी कोण?

पीटर कुणी मोठा सरदार नव्हता. त्याच्या वडिलांची, रेजिनाल्ड यांची, हेरेफर्डशरमधल्या यॅटन इथे जमीन होती. पीटर 'नाइट' होता. नाइट म्हणजे मूळचा आपला घोडा, आपली शस्त्रं घेऊन लढाईला जाणारा शिलेदार. पण चौदाव्या शतकात हा वर्ग बराचसा गावोगावचा जमीनदार होऊन बसला होता. भांडणं सोडवायची, सारावसुलीवर नजर ठेवायची, राजाने सांगितली तर जिल्ह्याची कामं करायची. आपल्याकडच्या देशमुखांची आठवण यावी असा हा वर्ग, फरक इतकाच की त्याच्या डोक्यावर पुन्हा मोठमोठे उमराव असत.

पीटरच्या डोक्यावरचा उमराव होता एडमंड मॉर्टिमर, मार्चचा अर्ल, आणि पीटर त्याचा कारभारी होता. हे काम नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढे तेच त्याच्या उपयोगी पडलं. मोठ्या उमरावाच्या जमिनी चार जिल्ह्यांत विखुरलेल्या असत. प्रत्येक गावी एक मुनीम, एक कोठार आणि कुळांचा एक दरबार असे. कारभाऱ्याने फिरत राहायचं. कुठे धान्य किती आलं, किती विकलं, लोकर कुणाला दिली, पैसे कुठे अडकले, हे सगळं तपासायचं. हिशेब लागला नाही तर समोरच्याला सगळ्यांसमोर विचारायचं, "बाबा रे, हे गेलं कुठे?" अशी वर्षं घालवलेल्या माणसाला वहीतली खोट वासावरून कळते. त्याच सुमारास तो हेरेफर्डशरचा शेरीफही झाला होता. शेरीफ म्हणजे जिल्ह्यात राजाच्या वतीने वसुली आणि बंदोबस्त पाहणारा अधिकारी.

संसद तेव्हा कशी चाले?

आजची संसद क्षणभर डोळ्यांपुढून बाजूला ठेवा. तेव्हा ती राजाने बोलावली तरच भरायची. राजाला ती लागायची मुख्यतः पैशासाठी, कारण लढाईसाठी नवा कर बसवायचा तर जिल्ह्यांची संमती हवी असे. एका बाजूला उमराव आणि बिशप, ज्यांना नावानिशी बोलावणं यायचं. दुसऱ्या बाजूला प्रत्येक जिल्ह्यातून निवडलेले दोन नाइट आणि शहरांतले प्रतिनिधी. या दुसऱ्या गटाला 'कॉमन्स' म्हणत. त्याचा 'सामान्य माणसं' असा अर्थ लावला जातो, पण तिथे सामान्य माणूस औषधालाही नव्हता. जिल्ह्याजिल्ह्यांचे समुदाय, त्यांचे प्रतिनिधी, असा त्याचा अर्थ.

नाइटला या कामाचे दिवसाला ४ शिलिंग मिळत, म्हणजे ४८ पेनी. साध्या मजुराची दिवसाची मजुरी होती ३-४ पेनी. त्यावरून ही माणसं कुठल्या थरातली होती ते कळेल.

कॉमन्सचं खरं दुखणं असं की त्यांच्यातल्या एकट्यादुकट्याला तोंड उघडायची भीती वाटे. राजाच्या मर्जीतल्या माणसावर बोट ठेवलं की तो विचारणार, "आरोप कुणाचा? नाव सांग." नाव सांगितलं की संपलं. गावच्या सभेत दादा माणसाच्या हिशेबाबद्दल सगळे पारावर कुजबुजतात आणि सभेत मात्र सगळे खाली बघतात, हे आपल्याला काही नवं नाही.

१३७६ साली एवढं काय घडलं होतं?

राजा तिसरा एडवर्ड १३२७ पासून गादीवर होता. आता तो साठीच्या पुढे गेला होता, थकला होता. थोरला मुलगा, ज्याला 'ब्लॅक प्रिन्स' म्हणत, खूप आजारी होता. फ्रान्सशी वर्षानुवर्षं चाललेल्या युद्धात एकेकाळी जिंकलेला बराचसा मुलूख हातचा गेला होता. प्रत्यक्ष सूत्रं होती राजाचा धाकटा मुलगा जॉन ऑफ गाँट याच्याकडे आणि राजाच्या भोवतीच्या चार-दोन माणसांकडे. देशात १३४८-४९ च्या प्लेगने लोकसंख्येचा तिसरा हिस्सा, कदाचित निम्माही, नेला होता. शेतं ओस होती आणि जमीनदारांना मजूर मिळत नव्हते. संसद १३७३ नंतर भरलीच नव्हती. तिजोरी रिकामी झाल्यावर २८ एप्रिल १३७६ रोजी ती भरली आणि मागणी आली, नवा कर द्या.

कॉमन्सचे लोक वेस्टमिन्स्टरच्या मठातल्या 'चॅप्टर हाउस'मध्ये जाऊन बसले. ही अष्टकोनी दगडी खोली आजही उभी आहे. मधोमध एकच बारीक, उंच खांब, आणि त्यातून छत्रीच्या काड्यांसारख्या छताच्या कमानी फुटलेल्या. भिंतीला लागून चहूबाजूंनी दगडी बाक. तिथे एरवी साधू जमत. अशा खोलीत कुणी पुढे नसतो, कुणी मागे नसतो. प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसतं.

तिथे काय झालं हे त्या काळच्या एका बखरीत जवळून पाहिल्यासारखं आलं आहे. आधी सगळ्यांनी शपथ घेतली की इथलं बोलणं इथेच राहील आणि आपण एकमेकांना धरून राहू. मग दक्षिणेकडचा एक नाइट उठला, मधल्या वाचनपीठापाशी गेला आणि म्हणाला की आपण करांनी पिचलो आहोत, राजाचं उत्पन्न नीट सांभाळलं तर नव्या कराची गरजच पडणार नाही. तो जागेवर परत गेला, दुसरा उठला, मग तिसरा. शेवटी पीटर उठला. त्याने नवं फारसं काही सांगितलं नाही. आधीच्या सगळ्यांचं बोलणं एकेक करून मांडलं, सांधलं आणि त्याला क्रम लावला. कारभारी दिवसाअखेरी दहा ठिकाणच्या चिठ्ठ्या एका वहीत उतरवतो, तसं. लोकांना वाटलं, आपल्या मनातलं हाच नीट सांगेल. त्यांनी त्याला विनंती केली की उमरावांसमोर आमच्या वतीने तू बोल.

'स्पीकर' शब्दाचा उगम हा असा आहे. सभागृहात बसून बोलायचं म्हणून तो स्पीकर नव्हता. सभागृहाचं म्हणणं बाहेर, बलवंतांसमोर नेऊन बोलायचं म्हणून तो स्पीकर.

दारातली दोन तासांची अडवणूक

पुढचा प्रसंग मला या सगळ्या गोष्टीचा कणा वाटतो. कॉमन्स उमरावांच्या दालनाशी गेले तेव्हा पीटर आणि काही मोजके आत घेतले गेले आणि बाकीच्यांना बाहेर ठेवून दार लोटलं गेलं. आत जॉन ऑफ गाँट वडिलांच्या जागी बसलेला. त्याने विचारलं, बोलणार कोण?

पीटरने सांगितलं की मी बोलेन, पण माझे सगळे सोबती आत आल्याखेरीज एक शब्द बोलणार नाही. एक जण जे सांगतो ते सगळ्यांचं म्हणणं आहे, म्हणून सगळे समोर हवेत. यावर सुमारे दोन तास घोळ चालला. शेवटी माणसं शोधून आणली गेली, आत घेतली गेली, आणि मगच तो बोलला.

राजाच्या मुलासमोर दोन तास गप्प उभं राहणं सोपं नव्हतं. पण एकटा बोलला असता तर तो 'पीटरचा आरोप' झाला असता. सगळे पाठीशी उभे असताना तोच आरोप सबंध इंग्लंडच्या जिल्ह्यांचा झाला.

आरोप नेमके काय होते?

मुख्य माणसं दोन. विल्यम लॅटिमर हा राजाच्या खाजगी दालनाचा प्रमुख, म्हणजे राजापर्यंत कोण पोहोचेल हे ठरवणारा. रिचर्ड लायन्स हा लंडनचा धनाढ्य व्यापारी.

पहिली गोष्ट कर्जाची. राजाच्या नावाने २०,००० मार्क कर्ज उचललं आणि ३०,००० मार्क फेडायचं ठरलं. मार्क म्हणजे एका पौंडाचे दोन-तृतीयांश. वीसाचे तीस, ही सरळ सावकारी झाली. वर आरोप असा की बिनव्याजी पैसे द्यायला दुसरे व्यापारी तयार असतानाही हे कर्ज काढलं, आणि व्याजाचा वाटा या मंडळींच्याच घरी गेला.

दुसरी गोष्ट लोकरीची. इंग्लंडची लोकर परदेशी जायची तर ती इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅले बंदरातूनच जावी, असा नियम होता. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारातच माल उतरवायचा, म्हणजे वजनमाप आणि सेस चुकत नाही, हा आपल्याकडचा नियम डोळ्यांपुढे आणा. लायन्स आणि लॅटिमर यांनी पैसे घेऊन या नियमातून सुटीचे परवाने वाटले, असं कॉमन्सचं म्हणणं. लॅटिमर म्हणाला की हे राजाच्या आणि मंत्रिमंडळाच्या संमतीने झालं. तेव्हा पीटरने जवळचं कायद्याचं पुस्तक उघडलं आणि सर्वांसमोर वाचून दाखवलं की हा नियम संसदेत झाला आहे, तो संसदेबाहेर मोडता येत नाही.

याशिवाय नॉर्मंडी आणि ब्रिटनीमधले दोन किल्ले शत्रूच्या हाती गेल्याचा ठपका होता, आणि राजाची प्रेयसी ॲलिस पेरर्स दरवर्षी तिजोरीतून दोन-तीन हजार पौंड नेते, असंही पीटरने सांगितलं.

लायन्सबद्दल बखरकार एक गोष्ट सांगतो. त्याने ब्लॅक प्रिन्सकडे एक पिंप धाडलं. वरून सांगितलं मासे, आत १,००० पौंड. प्रिन्सने ते परत पाठवलं.

महाभियोग जन्मला तो इथे

लॅटिमरने अपेक्षेप्रमाणे विचारलं, माझ्यावर आरोप करणारा कोण आहे, त्याने समोर यावं. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते चुकीचं नव्हतं, आरोपाला फिर्यादी लागतोच. पीटरचं उत्तर असं की फिर्यादी आम्ही सगळे, एकत्र. कॉमन्स आरोप ठेवेल आणि उमराव न्याय देतील.

एका सभागृहाने आरोप करायचा आणि दुसऱ्याने निवाडा, ही रीत इथून पुढे इंग्लंडमध्ये चालू झाली. चारशे वर्षांनी याच रीतीने बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालला, १७८८ ते १७९५, आणि तो निर्दोष सुटला. आपल्या अनुच्छेद ६१ मधली दोन सभागृहांची वाटणी हीसुद्धा त्याच घराण्यातली.

लायन्स आणि लॅटिमर दोघेही दोषी ठरले आणि कैदेत गेले. पेरर्सला दरबारातून दूर केलं गेलं. राजासाठी नऊ जणांचं नवं सल्लागार मंडळ नेमलं गेलं. कॉमन्सने लोकरीवरची जकात चालू ठेवली, पण नवा कर दिला नाही. १० जुलैला अधिवेशन संपलं, तोवर इतकं लांबलेलं एकही अधिवेशन झालं नव्हतं. लोकांनी त्याला नाव दिलं 'चांगली संसद'.

तो मॉर्टिमरचा माणूस होता, मग यात मोठेपण कसलं?

हा आक्षेप रास्त आहे. एडमंड मॉर्टिमरची बायको राजाची नात होती, वारसाहक्कात तिच्या मुलांचा दावा जॉन ऑफ गाँटच्या आड येणारा होता. कॉमन्सशी बोलायला उमरावांचे जे बारा जण नेमले गेले त्यांत मॉर्टिमर स्वतः होता. पीटरला मालकाचा आधार नसता तर तो त्या दारात दोन तास उभा राहिला असता का, ही शंका मलाही येते.

पण मालकाचं बळ मागे असलं तरी मान पीटरचीच पुढे होती. उमरावाला उमरावाची ढाल असते, कारभाऱ्याला नसते. आणि कर्जाचे आकडे, लोकरीचे परवाने, पुस्तकातलं नेमकं पान, हे मॉर्टिमरने शिकवून कुणाच्या तोंडी बसत नाही.

आणि गोरगरिबांचं काय?

इथे मन घट्ट करून खरं सांगायला हवं. याच अधिवेशनात कॉमन्सने तक्रार केली की मजूर जास्त मजुरीच्या आशेने गाव सोडून पळतात, त्यांना आवरा. प्लेगनंतर मजुरी वाढू नये म्हणून १३५१ मध्येच कायदा झाला होता आणि तो या जमीनदारांना आणखी कडक हवा होता. राजाच्या माणसांना जाब विचारणारे हेच लोक आपल्या कुळांच्या बाबतीत हात आखडते होते. त्यांची लढाई स्वतःच्या पैशासाठी होती. पण हिशेब मागायची जी वाट त्यांनी पाडली, ती त्यांच्यापुरती राहिली नाही.

सगळं उलटलंच ना मग?

उलटलं, आणि फार लवकर. अधिवेशन चालू असतानाच, ८ जूनला, ब्लॅक प्रिन्स वारला. कॉमन्सचा मोठा आधार गेला. शरद ऋतू संपेपर्यंत जॉन ऑफ गाँटने बहुतेक निर्णय फिरवले. लॅटिमरला माफी, लायन्सची सुटका, पेरर्स परत दरबारात. मॉर्टिमरला आपलं मार्शलपद सोडावं लागलं. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पीटरला नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात टाकलं गेलं. खटला नाही, सुनावणी नाही.

जानेवारी १३७७ मध्ये नवी संसद भरली. तिचा स्पीकर टॉमस हंगरफर्ड हा जॉन ऑफ गाँटचाच कारभारी. अधिकृत दप्तरात 'कॉमन्सच्या वतीने बोलणारा' म्हणून ज्याचा प्रथम उल्लेख आहे तो हंगरफर्ड, म्हणून काही यादीकार पहिला स्पीकर त्यालाच मानतात. काम पाहिलं तर तो मान पीटरचा, असं मी म्हणेन. या संसदेने चौदा वर्षांवरच्या प्रत्येक माणसावर ४ पेनी डोईपट्टी बसवली, भिकारी तेवढे वगळून. मजुराची दिवसभराची कमाई. अशाच डोईपट्ट्यांनी १३८१ चं शेतकऱ्यांचं बंड पेटलं, आणि त्या बंडात लंडनच्या रस्त्यात जमावाने रिचर्ड लायन्सचं डोकं उडवलं.

इकडे पीटर कैदेत असताना लंडनमध्ये लोक त्याची गाणी गात होते. 'मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. त्याच काळातल्या एका इंग्रजी दीर्घकाव्यात ती गोष्ट येते, उंदरांची सभा भरते आणि शेवटी घंटा बांधायला कुणीच पुढे होत नाही. ते १३७६ च्या संसदेवरचं भाष्य असावं असं बरेच अभ्यासक मानतात. मला वाटतं, कवीने पीटरवर थोडा अन्याय केला. एक उंदीर पुढे झाला होता.

त्याच्यानंतर या जागेवर आलेल्या अनेकांना मोठी किंमत मोजावी लागली. स्पीकर राहिलेल्या जॉन बुसीचं डोकं १३९९ मध्ये ब्रिस्टलला उडवलं गेलं, टॉमस मोरचं १५३५ मध्ये. आज लंडनच्या संसदेत नवा स्पीकर नाखुशी दाखवत, सहकाऱ्यांनी ओढल्यासारखा आसनाकडे जातो, त्या प्रथेमागे ही जुनी भीती आहे असं सांगतात. आपल्या लोकसभेत अध्यक्षांना सन्मानाने नेलं जातं. ओढाओढ आपण घेतली नाही, नेणं मात्र ठेवलं.

मग पीटरचं पुढे काय झालं?

२१ जून १३७७ रोजी राजा वारला. गादीवर आला ब्लॅक प्रिन्सचा दहा वर्षांचा मुलगा, दुसरा रिचर्ड. नऊ दिवसांत पीटरच्या सुटकेचा हुकूम निघाला. नॉटिंगहॅमहून लंडनला येताना वाटेवरच्या गावांनी त्याचं असं स्वागत केलं की बखरकाराला राजाशी वाकडं आल्याने परदेशी गेलेल्या आणि मग परतलेल्या आर्चबिशपाची, संत टॉमस बेकेटची, आठवण झाली.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा संसद भरली आणि कॉमन्सने पुन्हा पीटरलाच पुढे केलं. सात महिने कोठडीत काढलेला माणूस राजासमोर उभा राहिला. काय बोलायचं ते सुरू करण्याआधी त्याने एक गोष्ट सांगितली, आणि ती संसदेच्या दप्तरात नोंदलेली आहे. मी जे सांगणार आहे ते माझ्या मनाचं नाही, ते सगळ्या कॉमन्सच्या संमतीने आणि त्यांच्या स्पष्ट इच्छेने सांगतो आहे. बोलता बोलता माझ्या तोंडून त्यांच्या मनात नसलेलं काही निघालं, तर माझ्या या सोबत्यांनी ते इथेच, इथून निघण्याआधी, दुरुस्त करावं.